रांजणातली वीज

माणसाच्या दुखण्यात जसे वात आणि पित्त हे दोन शब्द, तसा संगणकाच्या दुखण्यात 'एसएमपीएस' हा शब्द. काही केल्या निदान होईना, की तालुक्याच्या गावचा कारागीर कॅबिनेटच्या पाठीवर हलकेच थाप मारतो आणि म्हणतो, "सप्लाय गेला असंल." या वाक्यातला 'असंल' मला फार आवडतो. त्यात ज्ञान बेताचे असले तरी व्यवहार पुष्कळ आहे. सप्लाय बदलला आणि यंत्र चालू लागले, तर कारागिराचे निदान अचूक; नाही लागले, तर तो 'असंल' म्हणाला होता, 'आहे' म्हणाला नव्हता. तोपर्यंत बिचारा जुना सप्लाय भंगारात पोचलेला असतो. त्याच्यावर खटला भरला जातो, पण साक्षीपुरावा क्वचितच होतो.

आणि हा आरोपी तसा मुका. कॅबिनेटच्या मागच्या कोपऱ्यात बसलेली ही एक पत्र्याची पेटी. तिला एक पंखा, आणि पोटातून बाहेर पडलेला रंगीत तारांचा जुडगा. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज घ्यायची, आणि आतल्या नाजूक मंडळींना झेपेल अशी करून वाटायची, एवढेच तिचे काम. पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट, तांबड्या तारेवर ५, नारिंगी तारेवर ३.३. काळ्या तारा परतीच्या. जांभळ्या तारेवर यंत्र बंद असतानाही ५ व्होल्ट जागे असतात. म्हणून तर बटण दाबल्याचे त्याला कळते. हिरवी तार काळीला टेकली, की पेटी कामाला लागते. यांत एक करडी तारही आहे. सगळे दाब ठाकठीक झाले, की पेटी या तारेवरून 'आता चालू द्या' असे कळवते; आणि आपल्याच्याने पुढे निभणार नाही असे दिसले, की हा संदेश काढून घेते. मग संगणक हातातले काम टाकून तत्क्षणी बंद पडतो. रंगांचे आणि तारांचे हे नियम १९९५ साली इंटेलने घालून दिलेल्या 'एटीएक्स' पद्धतीतून आले, आणि थोड्याफार फेरफाराने घरोघरच्या कॅबिनेटांत अजून पाळले जातात.

त्या आधीची पेटी निराळी होती. लोखंडाच्या पट्ट्यांचा जड ट्रान्सफॉर्मर, हाताला चटका बसेल इतकी उष्णता, आणि सतत चालणारी गुणगुण. मी शाळेत विज्ञान शिकवीत असे, तेव्हा प्रयोगशाळेत असा एक ट्रान्सफॉर्मर होता. तो उचलून दाखवण्याची मुलांत पैज लागे. १९७७ सालच्या 'ॲपल टू' या संगणकासाठी रॉड होल्ट या अभियंत्याने हे ओझे टाकून दिले आणि स्विचिंग पद्धतीचा हलका, थंड सप्लाय बसवला. ही युक्ती होल्टने शोधली असे नव्हे. पण घरगुती संगणकात तिने जे पाऊल टाकले ते टाकलेच. या पद्धतीत भिंतीतली वीज आधी सरळ केली जाते. तिचा दाब तेव्हा सव्वातीनशे व्होल्टांच्या घरात जातो. मग सेकंदाला हजारो वेळा तिचे तुकडे पाडून, चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरमधून तिला खाली उतरवले जाते.

पण सरळ करणे आणि तुकडे पाडणे यांच्यामध्ये एक मुक्काम आहे. तिथे दोन जाडजूड कपॅसिटर उभे असतात, नळकांड्यासारखे. मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला त्यांचे काम समजावून सांगावे लागत नाही. नळाला पाणी येते ते धड सरळ येत नाही. कधी धो धो, कधी करंगळीएवढे, मध्येच नुसती हवा. म्हणून आपण ते आधी रांजणात घेतो आणि रांजणातून तांब्याने वापरतो. नळ क्षणभर थांबला तरी तांब्याला पत्ता लागत नाही. हे कपॅसिटर म्हणजे विजेचे रांजण. मात्र फार लहान. अंगावर ४७० मायक्रोफॅरड लिहिलेले दोन एकापाठोपाठ जोडले, तर त्यांत साठते ती ऊर्जा एक लिटर पाणी सव्वा मीटर वर उचलायला लागेल एवढी; म्हणजे कळशीतले थोडे पाणी ओट्यावर ठेवण्याइतकी. नियम असा, की भिंतीतली वीज गेल्यावरही पूर्ण ओझ्याखाली पेटीने या साठ्यावर सोळा-सतरा मिलिसेकंद निभावून न्यावे. विजेचा एक हेलकावा वीस मिलिसेकंदांचा असतो; पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. इतक्या अल्प काळाचा आधार कुणाला आणि कशाला लागावा, असे मलाही वाटत असे. पाटोद्याला मात्र तो कशासाठी लागतो हे समोर पाहायला मिळाले.

पाटोदा म्हटले की हल्ली लोकांना छत्रपती संभाजीनगरजवळचे, आदर्श गाव म्हणून गाजलेले पाटोदा आठवते. हे ते नव्हे. हे बीड जिल्ह्यातले, बालाघाटाच्या माथ्यावरचे, तालुक्याचे पाटोदा. मांजरसुंब्याहून जामखेडकडे जाताना लागते. मांजरा नदी याच तालुक्यात उगम पावते. पण तिचे मोठेपण, धरण, बागायत, सगळे पुढच्या लोकांच्या वाट्याचे. इथल्यांच्या वाट्याला उगम आला. पाऊस बेताचा, जमीन हलकी, आणि दिवाळी झाली की कोयते घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागणारी गावेच्या गावे. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची, आणि पुढच्या पेरणीपर्यंत पोचायचे. मधल्या महिन्यांवरून उडी मारण्यासाठी इथे प्रत्येकाने काही ना काही रांजण भरून ठेवलेला असतो, निदान भरण्याची खटपट केलेली असते.

पाटोदा माझी सासुरवाडी. २०२३ साली श्रावण अधिक आला होता, म्हणजे धोंड्याचा महिना, आणि धोंड्याच्या महिन्यात जावई साठीचा असला तरी जावईच असतो. तेहतीस अनारशांचे वाण घ्यायला मी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तिथे जाऊन पोचलो. मेहुण्याचा मुलगा बाजारपेठेत सेवा केंद्र चालवतो. त्याच्या आत्याचा नवरा म्हणून मी त्याचा मामा. तो घरी जेवायलादेखील येत नव्हता. कारण त्या वर्षी सरकारने एक रुपयात पीक विमा दिला होता, आणि अर्ज भरण्याची शेवटची तारीख होती ३१ जुलै.

एक रुपया ही रक्कम ऐकायला गमतीची आहे. शेतकऱ्याच्या हिश्श्याचा बाकीचा हप्ता राज्य सरकार भरणार होते, आणि केंद्रचालकाला अर्जामागे चाळीस रुपये विमा कंपनी देणार होती. पण अर्ज हा रुपयाइतका हलका नव्हता. सातबारा, आठ-अ, आधार, बँकेचे पासबुक, पेरणीचे स्वयंघोषणापत्र. एकेक कागद चढवायचा, गट नंबर टाकायचे, सोयाबीन किती, तूर किती, कापूस किती ते भरायचे. सगळ्या महाराष्ट्राची त्या एका दारावर गर्दी झालेली. चक्र फिरत राही. सारे भरून शेवटी तो रुपया भरण्याची पायरी यायची, आणि नेमका त्याच सुमाराला संगणक बंद पडायचा. सूचना नाही, तक्रार नाही. पडदा काळा. पुन्हा सुरू करून पाहावे तर अर्ज पहिल्यापासून.

"मामा, चार दिवसांपासून असंच करायलंय," तो म्हणाला. "कवा दोन तास चालतंय, कवा दहा मिनिटांत तीनदा बंद पडतंय."

वस्तीवरची एक आजी बाकावर बसून होती. तिचा अर्ज तीनदा पुसला गेला होता. ती रागावली नव्हती. तिने पिशवीतले कागद प्रत्येक वेळी काढून दिले होते, आणि प्रत्येक वेळी मोजून परत घेतले होते. "ह्याचं पोट बिघडलंय का?" एवढेच तिने मला विचारले.

पोटच बिघडले होते. पण ते सिद्ध व्हायला रविवारची संध्याकाळ उजाडावी लागली. कारण तोवर सप्लायची चौकशी होऊन तो सन्मानाने सुटलेला होता. उपचार सगळे रीतसर झाले होते. रॅमच्या पट्ट्या काढून शाळकरी खोडरबराने घासल्या होत्या. या देशात संगणकावर होणारा हा पहिला संस्कार. बोर्डावरचा तीन व्होल्टचा सेल बदलला होता. यूपीएस जुनी म्हणून नवी आणली होती. मग सप्लायवर संशय आला, तेव्हा पोराने मोबाइलवर पाहून ती प्रसिद्ध परीक्षा घेतली: जुडगा बोर्डावरून काढला, हिरवी आणि काळी तार एका वाकवलेल्या पिनेने जोडली. पंखा गरगर फिरला. मल्टिमीटर लावला, पिवळ्यावर १२.१, तांबड्यावर ५.०५, नारिंगीवर ३.३. पाच टक्के मागेपुढे चालते, म्हणजे १२ च्या ठिकाणी ११.४ ते १२.६. हे तर त्याच्या अगदी मध्यावर. गावातल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या वयस्क गृहस्थांनी याहून पुढची परीक्षा घेतली. रिकाम्या गाडीवरून बैलाची ताकद कळत नाही, म्हणून त्यांनी मोटारसायकलच्या दिव्याचा बारा व्होल्टी बल्ब पिवळ्या तारेला जोडला, आणि तोल बिघडू नये म्हणून दुसरा तांबड्या तारेला. पहिला लखलखला, दुसरा मिणमिणला. काटा ११.८ वर स्थिर. सप्लाय निर्दोष. मग उरला मदरबोर्ड. तो बीडला पाठवायचा, म्हणजे आठवडा, आणि पाच-सहा हजार रुपये. हाती एक दिवस होता.

या परीक्षा खोट्या होत्या असे मुळीच नाही. पिनेची परीक्षा पेटी जिवंत आहे की मेली एवढे सांगते. मल्टिमीटर तिने सावकाश, शांतपणे दिलेला जबाब लिहून घेतो. बल्ब तिला ओझे वाहायला लावतो. आपापल्या प्रश्नाला प्रत्येकाने खरे उत्तर दिले होते. जो प्रश्न विचारायला हवा होता तो मात्र त्यांतल्या कुणाच्या आवाक्यातला नव्हता. नळ थांबला तर काय, हा तो प्रश्न.

तो प्रश्न विचारला शेजारच्या पिठाच्या गिरणीने. मला काम काहीच नव्हते. जावयाला कुणी काम सांगत नाही. मी केंद्राच्या पायरीवर बसून रस्ता पाहत होतो. धोंड्याचा महिना, म्हणून गिरणीवर बायकांची ये-जा. कुणाचे गहू, कुणाची हरभऱ्याची डाळ. एक दळण झाले की गिरणीवाला मोटार बंद करी, दुसरे आले की पुन्हा चालू करी. मोठी मोटार उभ्या अवस्थेतून निघते तेव्हा चालू अवस्थेच्या पाच-सहा पट वीज ओढते. एकाच डीपीवरचे दिवे तेवढ्यापुरते मान टाकतात. मला दिसले ते असे: गिरणीचा खटका पडला, केंद्रातला दिवा क्षणभर मंदावला, यूपीएसने 'टक्' केले, आणि आतून पोराचा सुस्कारा ऐकू आला.

एकदा होणे म्हणजे योगायोग. मी अनारसे खायचे सोडून तिथेच बसलो. घरून निरोप आला, "दाजी, ताट वाढलंय." मी म्हटले, आणखी एक दळण होऊ द्या. पुढच्या पाच दळणांत चारदा संगणक गेला. आणि दरवेळी एक गोष्ट दिसली जिच्याकडे चार दिवस कुणाचे लक्ष गेले नव्हते: संगणक जाई, पण त्याच यूपीएसवर जोडलेल्या पडद्याचा कोपऱ्यातला दिवा विझत नसे. पडदा काळा होई तो चित्र येणे थांबल्यामुळे. त्याला वीज मिळतच होती. म्हणजे नवी यूपीएस आपले काम करीत होती. वीज खाली आली की ती बॅटरीवर उडी मारते. ही उडी चार ते दहा मिलिसेकंदांची असते. तेवढ्या वेळात ती कुणालाच वीज देत नाही, द्यायची तिची प्रतिज्ञाही नसते. पडदा आपल्या चिमुकल्या रांजणावर ते अंतर ओलांडीत होता. संगणक ओलांडू शकत नव्हता.

तर्क कितीही गोड असला तरी तो ताडून पाहिलाच पाहिजे. पलीकडच्या फोटो स्टुडिओतला संगणक रविवारी रिकामा होता. तो उचलून आणला, त्याच यूपीएसवर लावला. आता गिरणी हवी होती, आणि नेमकी दळणे संपली होती. गिरणीवाल्याला विनंती केली, की दोन-तीनदा चालू-बंद करून दाखवा.

"दळण न्हाई तर गिरणी कामून फिरवायची?" त्याने रास्त प्रश्न विचारला.

मी त्याला रांजण, नळ, तांब्या सारे समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले, आणि म्हणाला, "म्हंजी माझ्या गिरणीमुळं विमा अडलाय म्हना की." मी म्हणालो, गिरणीमुळे अडला नाही, गिरणीमुळे सापडला. त्याने तीनदा खटका मारला. स्टुडिओचा संगणक तिन्ही वेळा ढिम्म हलला नाही. मग त्याचाच सप्लाय काढून आमच्या कॅबिनेटात बसवला. बाकी सारे तेच, तोच बोर्ड, त्याच घासलेल्या रॅमच्या पट्ट्या. पुन्हा तीन खटके. यूपीएसने तीनदा 'टक्' केले आणि पोराने पडद्यावरची नजर काढली नाही. बोर्ड बीडला जायचा वाचला.

जुनी पेटी त्या टीव्हीवाल्या गृहस्थांनी उघडली. हे काम पोरासोरांचे नव्हे. प्लग काढल्यावरही त्या रांजणांत सव्वातीनशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. निरोगी पेटी असेल तर हाताला कायमची आठवण राहील. त्यांनी आधी शंभर वॉटच्या बल्बच्या दोन तारा टेकवून साठा रिकामा केला. आत पाहिले तर दोन्ही नळकांड्यांची डोकी पुरीसारखी फुगलेली. आतला द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने वाळून गेलेला. पेटीवर '४५० वॉट' असे ठसठशीत अक्षरांत छापले होते. त्या आकड्याशी आतल्या मालाचा संबंध किती, हा एक स्वतंत्र विषय आहे. पत्र्याच्या पेट्यांच्या अंगावर जे छापलेले असते त्यावर मी तरी नातीचे लग्न ठरवणार नाही. गंमत अशी, की वीज अखंड येत असेतोवर रिकाम्या रांजणाने कुणाचे अडत नाही. नळाची धार सरळ तांब्यात घ्यावी आणि चालवावे. जोवर धार आहे तोवर तांब्या भरतोच, आणि मोजणाऱ्याला वाटते की रांजणही भरलेला आहे.

स्टुडिओवाल्याने सप्लाय दोन दिवस वापरायला दिला. रात्री सर्व्हरवरची गर्दी ओसरते, म्हणून पोराने केंद्र रात्रभर उघडे ठेवले. आजीला रात्री वस्तीवर परत पाठवणे शक्य नव्हते. ती आमच्याच ओसरीवर झोपली, आणि पहाटे चारला उठून कागद घेऊन केंद्रात गेली. अधिक श्रावणातला भुरभुर पाऊस होता. सव्वापाचला तिचा अर्ज गेला. पावती निघाली ती तिने वाचता येत नसताना दोन्ही बाजूंनी पाहिली, आणि कनवटीचा रुपया काढून टेबलावर ठेवला. तो रुपया पोराने आधीच भरला होता. ती परत घेईना. शेवटी तो अजून केंद्रातल्या देवाच्या फोटोपुढे आहे.

३१ तारखेला संध्याकाळी कळले, की मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवली आहे. पोर हसला, रडण्यापेक्षा ते सोपे होते. पण वाढीव तीन दिवसांतही रांग तुटली नाही, आणि यूपीएसचे 'टक्' तिथे आता कुणी मान वर करून ऐकत नव्हते.

मी परत आलो, आणि पाऊस गेला. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सोयाबीन फुलावर असताना आभाळ कोरे झाले. मेहुण्याचा फोन येई तेव्हा तो विहिरीतले पाणी किती परस उरले ते सांगे, आणि मागून पोराचा आवाज येई, विम्याची चौकशी करायला कोण कोण आले होते ते सांगणारा. एक रुपयाची ती योजना नंतर एकच खरीप टिकली. २०२५ च्या खरिपापासून शेतकऱ्याला त्याच्या हिश्श्याचा हप्ता पुन्हा स्वतः भरावा लागू लागला. पण तो पुढचा भाग.

जुना सप्लाय भंगारात गेला नाही. टीव्हीवाल्या गृहस्थांनी त्यात दोन नवे कपॅसिटर बसवले, आणि मजुरी म्हणून चहा घेतला. केंद्रासाठी नवा सप्लाय आणलेला आहे. हा त्याच्यावरच्या फळीवर, वेळेला असावा म्हणून, कापडात गुंडाळून ठेवला आहे. गेल्या खेपेला मी तो उचलून पाहिला. छापील '४५० वॉट' वर पोराने कागदाची पट्टी चिकटवली आहे, आणि तीवर शाईने लिहिले आहे: 'गिरणीवर तपासलेला'.